कारेसच्या घळीतला ट्रेक आणि सिद्राची संध्याकाळ

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आस्तुरियास प्रांतात समुद्रापासून जेमतेम वीस किलोमीटरवर पिकोस दे एउरोपाचे चुनखडीचे डोंगर अडीच हजार मीटरच्याही वर उठतात. अटलांटिकवरून येणारे ढग त्यांना अडतात, जवळजवळ बाराही महिने पाऊस पडत राहतो, आणि त्या ओलसर, थंड हवेत द्राक्षाऐवजी सफरचंद पिकते. त्यामुळे उर्वरित स्पेनमध्ये जेवणाच्या टेबलावर वाइनची जी जागा असते, ती येथे सिद्राची, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाची, आहे. दिवसभर डोंगरात चालायचे आणि संध्याकाळी सिद्राचे टेस्टिंग करायचे, अशी जोडसहल या भागात बरेच स्थानिक आयोजक विकतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, पत्नी आणि नोकरीनिमित्त माद्रिदला राहणारा मेव्हणा अशा तिघांनी ती घेतली, आणि हे तिचे परीक्षण आहे. आयोजकाचे नाव येथे देत नाही. माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे, पण ती त्यांच्या एकट्याबद्दल नसून अशा सहली ज्या पद्धतीने बांधल्या जातात त्याबद्दल आहे.

निर्णय आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचे वाचावे लागणार नाही. ट्रेकचा भाग उत्तम होता आणि त्यासाठी वाटाड्याला दिलेले पैसे पूर्ण वसूल झाले. टेस्टिंगचा भाग निराशाजनक होता. मात्र त्याच रात्री आम्ही आपापले चालत एका सिद्रेरियात, म्हणजे सिद्रा पिण्या-जेवण्याच्या ठिकाणी, गेलो, आणि डोंगर व सिद्रा यांची जोडी खरोखर का जमते हे मला तेथे समजले. तेव्हा ट्रेक आयोजकाकडून घ्यावा आणि सिद्रासाठी आपल्या पायांनी गावात जावे, असा माझा सल्ला आहे.

आमचा मुक्काम कांगास दे ओनिस या गावी होता. सकाळी सातला गाडी आली आणि तासाभरात आम्ही पोन्सेबोसला, कारेस नदीच्या घळीच्या तोंडाशी पोहोचलो. येथून काईन या गावापर्यंतची वाट अकरा-बारा किलोमीटर आहे, आणि त्याच वाटेने परत यायचे, म्हणजे एका दिवसात बावीस ते चोवीस किलोमीटरची चाल. चढाईचा म्हणावा असा भाग फक्त पहिले दोन किलोमीटर आहे. तेथे वाट नदीपासून झपाट्याने वर उचलली जाते आणि सगळ्यांचा दम काढते; नंतर ती कातळात खोदलेल्या एका कालव्याच्या पातळीला येते आणि काईनपर्यंत बहुतेक सपाट राहते. राजमाची किंवा कळसूबाई ज्यांनी केलेला आहे, त्यांना दमसासाच्या दृष्टीने ही वाट अवघड वाटणार नाही. अवघड आहे ते सतत सावध राहणे. वाट दीड मीटरच्या आसपास रुंद आहे, एका हाताला कातळ आणि दुसऱ्या हाताला सरळ खाली नदी, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही.

ही वाट गिर्यारोहकांसाठी कोणी बांधलेली नाही, आणि ते ठाऊक असले की ती वेगळ्या नजरेने पाहिली जाते. काईनजवळ नदीचे पाणी अडवून ते पोन्सेबोसच्या वीजनिर्मिती केंद्राकडे नेणारा कालवा गेल्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात या कातळात खोदला गेला. त्याच्या देखभालीसाठी माणसांना वर्षभर ये-जा करता यावी म्हणून 1945 ते 1950 या काळात आजची वाट कोरून रुंद करण्यात आली. चालताना मध्येच कातळातल्या एखाद्या झरोक्यातून हा कालवा दिसतो. खाली शंभर-दीडशे मीटरवर नदी दगडांवर आदळत आवाज करत असते, आणि आपल्या हाताशी मात्र तेच पाणी सिमेंटच्या पात्रातून आवाज न करता, वेगाने, काळसर दिसत वाहत असते. मी त्यात बोटे बुडवली आणि मोजून दहा अंकांच्या आत हात बाहेर काढावा लागला.

वाटाड्या काब्रालेस खोऱ्यातलाच, पन्नाशी ओलांडलेला माणूस होता आणि त्याचे काम मी मनापासून वाखाणतो. फोटोसाठी कुठे थांबायचे यापेक्षा कुठे थांबायचे नाही हे तो सांगत होता. वरून दगडांची नाळ उतरते अशा प्रत्येक जागी त्याने आम्हांला न बोलता, झपाझप पुढे काढले, कारण वरच्या उतारांवर बकऱ्या आणि रेबेको नावाची डोंगरी हरणासारखी जनावरे फिरतात आणि त्यांच्या खुरांनी दगड सुटतात. समोरून येणाऱ्यांना नेहमी कातळाची बाजू न देता स्वतःच्या माणसांना आतल्या अंगाला ठेवणे, पुढच्या-मागच्यांत अंतर राखणे, पत्नीचा वेग कमी झाला तेव्हा तिला न जाणवेल अशा बेताने सगळ्यांचाच वेग उतरवणे, या गोष्टी अनुभवानेच येतात. शेवटच्या टप्प्यात बोलिन आणि रेबेकोस हे दोन पूल ओलांडून वाट नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते आणि मग कातळात खोदलेल्या ठिबकत्या बोगद्यांतून काईनला निघते. हा टप्पा सगळ्यांत देखणा आहे. दम संपला म्हणून त्याच्या अलीकडूनच परतणारे लोक आम्हांला भेटले, तेव्हा वाईट वाटले.

काईनमध्ये आम्ही तासभर बसलो. हे गाव गिर्यारोहणाच्या इतिहासात मोठे आहे. नारांखो दे बुल्नेस हा 2,519 मीटर उंचीचा सुळका 5 ऑगस्ट 1904 रोजी पहिल्यांदा सर झाला तो पेद्रो पिदाल आणि ग्रेगोरियो पेरेस या दोघांकडून, आणि यांतला ग्रेगोरियो पेरेस याच गावचा धनगर. त्याला ‘काईनेखो’, म्हणजे काईनकर, याच नावाने ओळखतात. पिदाल हे विल्याविसिओसाचे मार्किस, म्हणजे सरदार, होते, आणि पुढे 1918 साली येथे स्पेनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते मुख्यतः त्यांच्या खटपटीने. विल्याविसिओसा हे आस्तुरियासमधल्या सफरचंदाच्या बागांचे प्रमुख गाव आहे. डोंगर आणि सिद्रा यांची ही जुनी सोयरीक वाटाड्याने जाता जाता सांगितली, आणि पुढच्या टेस्टिंगमध्ये जे काही सांगितले गेले त्यापेक्षा ती माझ्या अधिक लक्षात राहिली.

दुपारी साडेचारला आम्ही पोन्सेबोसला परतलो. शेवटची उतरण गुडघ्यांची परीक्षा पाहते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठ्या घेतल्याशिवाय येथे येऊ नये.

येथून पुढे सहलीची रचना बिघडली. टेस्टिंग ज्या ल्यागारमध्ये ठरवले होते ते पश्चिमेला, नावा या गावाच्या बाजूला होते. ल्यागार म्हणजे सिद्रा तयार करण्याची जागा. आपल्याकडे उसाचे गुऱ्हाळ असते, तसे हे सफरचंदाचे. बावीस किलोमीटर चाललेल्या माणसांना लगेच सव्वा तास गाडीत बसवले की पाय आखडतात, घाम अंगावरच सुकतो आणि भूक मरते. आम्ही उतरलो तेव्हा तिघेही लंगडत होतो. वाटाड्याचा निरोप पोन्सेबोसलाच झाला होता आणि ल्यागारमध्ये आम्हांला दुसऱ्या दोन गटांत मिसळून घेण्यात आले.

तेथली सुरुवात चांगली होती, हे नोंदवायला हवे. अंगणात सफरचंदांचे ढीग पडलेले होते, लहान, डागाळलेली, खाऊन पाहिली तर तोंड वाकडे करणारी फळे. रापशाओ, रेगोना, वेर्दियालोना अशा जातींची नावे सांगण्यात आली आणि एका जातीच्या रसाने सिद्रा होत नाही, आंबट, गोड आणि कडसर फळांचा मेळ जमवावा लागतो, हे समजावण्यात आले. या झाडांना एका वर्षी भरपूर फळ येते आणि पुढच्या वर्षी फारच थोडे, हे ऐकून पत्नीने लगेच रत्नागिरीच्या हापूसचा विषय काढला. कोकणातल्या माणसाला हा एकाआड एक वर्षाचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आतल्या खोलीत चेस्टनटच्या लाकडाचे, माणसाच्या दुप्पट उंचीचे पिंप होते. अस्सल सिद्रामध्ये बाहेरून साखर किंवा वायू घालत नाहीत. फळाबरोबर आलेल्या यीस्टवरच रस आंबतो आणि त्यात सुमारे सहा टक्के मद्यार्क तयार होतो.

त्यानंतर आम्हांला एका लांब टेबलापाशी उभे करून पाऊण तासात पाच प्रकार पाजण्यात आले. पहिला प्रकार साधी सिद्रा, आणि नेमकी तीच बाटलीच्या तोंडावर बसवलेल्या विजेच्या यंत्राने पेल्यात सोडली. बटण दाबले की पंप बारीक धार मारतो आणि फेस येतो. सगळ्यांचे पेले एकदम भरून ठेवले, मग निवेदन सुरू झाले, आणि ते संपून पेला तोंडाला लागेपर्यंत फेस विरून गेला होता. फेस विरलेली सिद्रा म्हणजे आंबट पाणी. पुढे गाळलेली सिद्रा, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ सिद्रा, गोठवलेल्या रसाची गोड सिद्रा आणि शेवटी सफरचंदाची ब्रँडी. गोड सिद्रा चवीला सुंदर होती, पण ती जेवणानंतर सावकाश घेण्याची गोष्ट आहे. उपाशीपोटी, आखडलेल्या पायांवर उभे राहून, चौथ्या क्रमांकावर आणि मागोमाग ब्रँडी येत असताना तिला न्याय मिळणे शक्य नव्हते. बरोबर खायला पाव आणि चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचे, तुकडे ठेवले होते. पत्नी शाकाहारी आहे (अंडी तिला चालतात), हे आरक्षण करताना लिहूनही तिच्या वाट्याला नुसता पाव आला. या टेस्टिंगसाठी माणशी जो वाढीव दर घेतला होता, त्यात सिद्रेरियामध्ये चार बाटल्या सहज आल्या असत्या.

मला याचा राग आला तो पैशांमुळे नाही. दिवसभर ज्या खोऱ्यात आम्ही इतक्या निगुतीने चालवले गेलो, त्याच खोऱ्याचे पेय इतक्या बेपर्वाईने समोर ठेवले जावे, याचा राग आला.

साडेसातला कांगासला परत सोडले. अंघोळी करून, भरपूर पाणी पिऊन, साडेआठला आम्ही मुक्कामापासून पाच मिनिटांवरच्या एका सिद्रेरियात गेलो. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला, भिंतीला उभे राहून पिण्यासाठी फळी, आत दहा-बारा टेबले. मेव्हण्याने एक बाटली आणि तोर्तोस हा मक्याचा पदार्थ मागवला. बाटली हिरव्या जाड काचेची, सातशे मिलिलिटरची, किंमत चार युरोंच्या आसपास.

सिद्रा येथे आपण ओतून घेत नाही. ती ओतणाऱ्याला एस्कान्सियादोर म्हणतात, आणि आमच्या बाजूची सगळी टेबले एकच तरुण सांभाळत होता. त्याने बाटलीचा हात डोक्यावर पूर्ण ताणून वर नेला, पेल्याचा हात मांडीपाशी खाली नेऊन पेला तिरका धरला, आणि नजर समोर भिंतीकडे ठेवून बाटली कलती केली. शेवयाच्या तारेसारखी बारीक धार जवळजवळ दीड मीटर खाली आली आणि पेल्याच्या आतल्या कडेवर आपटली. पेल्यात जेमतेम दोन बोटे सिद्रा जमली. तांदळाच्या धुवणात हळद पडावी तसा तिचा गढूळ पिवळा रंग, आणि वर पांढरा फेस, जो चरचर आवाज करत डोळ्यांदेखत खाली बसू लागला. एवढ्या पेयाला कुलिन म्हणतात. त्याने पेला माझ्या हातात दिला आणि मान हलवली: आत्ताच, एका दमात.

मी प्यायलो आणि दोन तासांपूर्वी ल्यागारमध्ये काय हुकले होते ते जिभेला कळले. आपटल्यामुळे सिद्रामध्ये मुरलेला वायू सुटतो आणि त्याच्याबरोबर वास वर येतो: हिरवे सफरचंद, ओले गवत, थोडासा चामड्यासारखा. चव कोरडी आहे. पन्ह्यातली साखर काढून घेतली तर जो आंबटपणा उरेल तसा आंबटपणा, आणि मागून कच्च्या पेरूची हलकी तुरटी. भारतात बाटलीबंद गोड सायडर ज्यांनी प्यायले असेल त्यांनी ती चव मनातून काढून येथे यावे. पहिल्या कुलिनला पत्नीचा चेहरा आक्रसला, दुसऱ्याला तिने नाही म्हटले नाही.

पेल्याच्या तळाशी थोडी सिद्रा ठेवायची, ज्या कडेला ओठ लागले त्या कडेवरून ती फिरवून भुशावर ओतायची, आणि पेला पुढच्याला द्यायचा, अशी जुनी रीत आहे, कारण पूर्वी सगळ्या मंडळींत पेला एकच असे. करोनानंतर बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला वेगळा पेला मिळतो आणि आम्हांलाही मिळाला. मेव्हण्याने मात्र शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या मंडळींकडे बोट दाखवले. ती चौघे अजून एकाच पेल्यात पीत होती. “हे उष्टंच झालं की रे,” पत्नी म्हणाली. “म्हणून तर ते धुऊन देतात, ताई,” तो म्हणाला, “आणि दाजींना गडावर एकाच बाटलीचं पाणी चालतं ना?” त्याचे म्हणणे खरे होते. ट्रेकला निघालेल्या गटात उष्ट्या-खरकट्याचा नियम जसा आपोआप सैल होतो, तसा तो येथे रोज संध्याकाळी होत आलेला आहे. युनेस्कोने 2024 च्या डिसेंबरमध्ये आस्तुरियासच्या सिद्रासंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यात ओतण्याची आणि वाटून पिण्याची ही रीतही आली, हे मला योग्य वाटते.

आता जोडीबद्दल. एस्कान्सियादोर एक कुलिन देऊन निघून जातो आणि दहा मिनिटांनी परत येतो. मधल्या वेळात पेला रिकामाच असतो. त्यामुळे पिणे आपोआप सावकाश होते. थकलेल्या, पाणी कमी झालेल्या शरीराला मद्य लवकर चढते, आणि ट्रेकनंतर बिअरच्या मोठ्या ग्लासाने अनेकांची संध्याकाळ खराब झालेली मी पाहिली आहे. येथे तिघांत एक बाटली म्हणजे माणशी अडीचशे मिलिलिटरही नाही, तीही तासाभरात, दोन-दोन कुलिनांत, मध्ये खाणे आणि पाणी. शिवाय आंबट, थंड पेयाने चालून उतरलेले तोंड जागे होते आणि मेलेली भूक परत येते. भूक परतली तेव्हा समोर तोर्तोस होते: मक्याच्या पिठाच्या तळलेल्या छोट्या भाकऱ्या, आणि त्यांवर काब्रालेसचे चीज.

हे चीज आम्ही ज्या डोंगरांतून चालत आलो त्यांच्याच पोटात पिकते. सह्याद्रीच्या बेसॉल्टवरून पाणी वाहून जाते; चुनखडीत ते मुरते आणि गुहा करते. त्या थंड, ओलसर, वारा खेळणाऱ्या गुहांत गाईच्या, कधी त्यात शेळी-मेंढीच्या दुधाची भर घालून केलेल्या चीजचे गोळे निदान दोन महिने ठेवतात आणि त्यात निळी-हिरवी बुरशी धरते. वास उग्र आहे आणि चव जिभेला झोंबते. त्यावर सिद्राचा घोट घेतला की दोन्ही गोष्टी एकमेकींना आवरतात. काटेकोर शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावे की पारंपरिक पद्धतीत या चीजसाठी प्राण्यांपासून मिळणारे रेनेट वापरतात. पत्नीने ते खाल्ले नाही. तिने तोर्तोस तळलेल्या अंड्याबरोबर घेतले आणि समाधानाने जेवली.

जाणाऱ्यांसाठी थोडे. मद्य न घेणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सफरचंदाचा न आंबवलेला रस मिळतो आणि जेवणाची मजा कमी होत नाही. गाडी चालवणाऱ्याने सिद्रा घेऊ नये. म्हणूनच मुक्काम आणि सिद्रेरिया एकाच गावात असावे, कांगासला किंवा घळीच्या आणखी जवळ आरेनास दे काब्रालेसला. जुलै-ऑगस्टमध्ये कारेसच्या वाटेवर फार गर्दी असते. पाऊस लागला असेल तर ट्रेक रद्द करावा, कितीही पैसे भरलेले असोत. ल्यागार पाहायचे असल्यास त्यासाठी वेगळी सकाळ राखावी आणि जोडीला नावा गावातले सिद्रा संग्रहालय पाहावे. सिद्रा आधी आणि चालणे नंतर, असा क्रम देणारी सहल मिळाली तर ती कोणत्याही दरात घेऊ नये. कठडा नसलेल्या त्या वाटेवर हे सांगण्याची गरज पडू नये, पण असे वेळापत्रक मी जाहिरातीत पाहिले आहे.

येताना आम्ही दोन बाटल्या पुण्याला आणल्या. पहिली मित्रांसमोर टेबलावर, नेहमीसारखी पेल्यात ओतली आणि सगळ्यांनी विनम्रपणे एकेक घोट घेऊन पेले बाजूला ठेवले. दुसरी मी गच्चीवर उघडली. हात डोक्यावर ताणून, पेला मांडीपाशी धरून ओतायला गेलो तर निम्मी फरशीवर गेली आणि माझी बाही भिजली, पण पेल्यात जी दोन बोटे जमली तिला तोच ओल्या गवताचा वास होता आणि तोच चरचर आवाज. पत्नीने आपला कुलिन एका दमात संपवला, तळाचा थेंब फरशीवर ओतण्याआधी तुळशीची कुंडी उचलून पलीकडे ठेवली, आणि पेला माझ्या हातात दिला.